करवंटीतला संसार

बाजाराच्या दिवशी मासळीच्या पाटीत चिलापी मासा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पाठीवर काटेरी पर, राखी अंग, दिसायला अगदी साधा. हा मासा मूळचा आपल्याकडचा नव्हे. तो आफ्रिकेतला. १९५२ मध्ये त्याला भारतात आणले आणि आता तो धरणाधरणांतून ठाण मांडून बसला आहे. त्याची एक गंमत तुम्हाला ठाऊक आहे का? चिलापीची मादी आपली अंडी तोंडात धरून उबवते! पिले बाहेर पडल्यावरही, जरा धोका दिसला की ती धावत येऊन आईच्या तोंडात शिरतात.

बहुतेक मासे असे काही करीत नाहीत. रोहूची मादी पावसाळ्यात लाखांनी अंडी सोडते आणि आपल्या वाटेने निघून जाते. त्यांतली बहुतेक अंडी-पिले कोणाच्या तरी पोटात जातात. संख्येच्या बळावर वंश टिकतो एवढेच. चिलापी ज्या कुळातला आहे, त्या सिक्लिड कुळाने दुसरा मार्ग धरला आहे. अंडी थोडी, पण राखण जिवापाड! या कुळात सतराशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेत आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत राहतात. भारताच्या मूळच्या अशा जाती तीनच. गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर हा त्यांपैकी एक.

याच कुळात काही बोटभर लांबीच्या बटू जाती आहेत. त्या घरच्या काचेच्या टाकीत सुखाने राहतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत संसार थाटतात. अशाच एका माशाची वीण घरी कशी करावी, हे आज आपण पाहू. पण आधीच सांगून ठेवतो, अंडी मिळणे सोपे आहे, पिले जगवणे कठीण आहे. माझी पहिली सत्तर-ऐंशी पिले पोहू लागल्यापासून चार दिवसांत मेली. ती का मेली, ते पुढे येईलच.

पाहुण्याची ओळख

या माशाचे शास्त्रीय नाव पेल्विकाक्रोमिस पल्चर. पल्चर म्हणजे लॅटिन भाषेत सुंदर. १९०१ मध्ये बुलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले. दुकानात मात्र तो ‘क्रिबेन्सिस’ या नावाने मिळतो. हे नाव खरे तर त्याच्या एका भाऊबंदाचे आहे. कॅमेरून देशातल्या क्रिबी या गावावरून ते पडले आणि व्यापारात या माशालाही चिकटले. आपणही त्याला क्रिबेन्सिसच म्हणू.

त्याचे घर पश्चिम आफ्रिकेत, दक्षिण नायजेरियातल्या संथ, झाडोऱ्याच्या ओढ्यांत. नर सुमारे दहा सेंटिमीटर वाढतो. त्याचे पाठीवरचे आणि शेपटीजवळचे पर टोकदार असतात. मादी लहान आणि गुटगुटीत. विणीचा काळ आला की तिचे पोट अर्धवट पिकलेल्या करवंदासारखे लालजांभळे होते. बहुतेक प्राण्यांत नर नटतो आणि मादीपुढे मिरवतो. येथे मादीच पुढाकार घेते. रंगीत पोट नराला दिसेल अशा बेताने ती अंग कमानीसारखे वाकवते आणि थरथर कापते. तुमच्या टाकीत हे दिसले की समजा, बोलणी सुरू झाली!

आधी पाणी, मग मासे

६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी टाकी एका जोडीला पुरते. गणित करून पाहा. ६० × ३० × ३० म्हणजे ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजेच ५४ लिटर. नुसत्या पाण्याचे वजनच ५४ किलोग्रॅमच्या आसपास! तेव्हा टाकीखालचे टेबल भक्कम हवे.

तळाला धुतलेली बारीक वाळू घाला. काही पाणवनस्पती लावा. पाणी गाळण्यासाठी स्पंजचा फिल्टर आणि तो चालवायला हवेचा छोटा पंप घ्या. दुसरे जोरकस फिल्टर पिलांना आत ओढून घेतात. स्पंजमध्ये तो धोका नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते उघड्या बादलीत, हवेचे बुडबुडे सोडून, दिवसभर ठेवा आणि मगच टाकीत घाला. पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे. थंडीत पुण्या-नाशिककडे रात्री पाणी याहून बरेच गार होते. तेथे हीटर लागेल. तो मोठ्या माणसांकडून लावून घ्या आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करा.

आता घर. नारळाची अर्धी करवंटी घ्या. आतले खोबरे पूर्ण खरवडून काढा आणि करवंटी दोन-तीनदा पाणी बदलून उकळा. कडेला मासा जेमतेम जाईल एवढी खाच पाडा आणि ती वाळूवर पालथी घाला. झाली गुहा! संक्रांतीचे कोरे, न रंगवलेले सुगड आडवे ठेवले तरी चालते. अशी दोन-तीन घरे ठेवा. नवरा-बायकोचे बिनसले तर एकाला लपायला जागा हवी.

एवढे झाले की लगेच मासे आणायचे नाहीत. टाकी महिनाभर तशीच चालू द्या. का? याचे उत्तर या लेखाचा गाभाच आहे.

मासा नत्रयुक्त मल मुख्यतः कल्ल्यांतून, अमोनियाच्या रूपाने टाकतो. उरलेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनिया होतो. अमोनिया माशांना विषारी आहे. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. टाकीत वाहून जायला जागा नाही. तेथे सारी भिस्त जिवाणूंवर. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच कमी घातक असते. काही वनस्पती शोषतात, उरलेले आपण पाणी बदलून काढतो. हे जिवाणू स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करतात, पण त्यांना वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहा, म्हणजे जिवाणूंनाही ‘जेवण’ मिळेल. मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज तुमच्या पाण्यात पिळला तर काम लवकर होते. पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट उरले नाहीत, हे तपासण्याचे संच बाजारात मिळतात. त्याने खात्री करा आणि मगच मासे आणा.

पहिले आठ दिवस

पूर्ण वाढलेली जोडी घ्या. गोठवलेले किंवा जिवंत खाद्य दिले की मासे लवकर विणीला येतात. डासांच्या अळ्या त्यांना फार आवडतात. पण त्यासाठी घरात पाणी साठवून डास वाढवू नका. माशांचे पोट भरेल, आणि शेजाऱ्यांना डेंग्यू होईल!

एके दिवशी मादी दिसेनाशी होते. नर करवंटीभोवती गस्त घालू लागतो. ओळखा, अंडी पडली. करवंटी उचलून पाहण्याचा मोह आवरा. आत छताला सुमारे दोन मिलिमीटर लांबीची, पिवळसर तपकिरी अंडी चिकटवलेली असतात. पन्नासही असतील, दोनशेही असतील. मादी आत राहून परांनी त्यांच्यावर सतत पाणी ढकलते. अंड्यातला जीव श्वसन करीत असतो. त्याच्या भोवतीच्या पाण्यातला प्राणवायू संपतो, म्हणून नवे पाणी यायला हवे. जे अंडे मरते त्याच्यावर पांढरी बुरशी चढते. असे अंडे ती उचलून टाकते, म्हणजे शेजारची वाचतात.

सुमारे तीन दिवसांनी अंडी फुटतात. बाहेर येणारे पिलू पोहू शकत नाही. त्याच्या पोटाला पीतकाची पिशवी असते. आईने बांधून दिलेली शिदोरीच ती! या दिवसांत पिलांना बाहेरचे अन्न मुळीच लागत नाही. मादी त्यांना तोंडात घेऊन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवत राहते.

सातव्या-आठव्या दिवशी सकाळी तुम्ही पाहता, तो काय! मादी करवंटीबाहेर आली आहे आणि तिच्या पोटाखाली बारीक ठिपक्यांचा ढग तरंगतो आहे. आई थांबली की ढग थांबतो. ती पर झटकून अंग हलवते, तोच सारी पिले वाळूवर बसून निश्चल होतात. धोक्याची खूण आहे ती. संध्याकाळी आईबाप पिलांना तोंडात ओढून करवंटीत नेऊन ठेवतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, खाल्ली की काय! म्हणून रात्री दिवा एकदम मालवू नका. आधी टाकीवरचा, मग अर्ध्या तासाने खोलीतला. पिलांना घरी नेण्याएवढी उसंत आईबापांना मिळायला हवी.

कधीकधी नवखी जोडी अंडी खरोखरच खाऊन टाकते. फार डोकावले, काचेवर टकटक केले, तर हमखास. निराश होऊ नका. तीन-चार आठवड्यांत ती पुन्हा अंडी घालते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पुष्कळदा शहाणी होते.

पहिला घास

पीतक संपले की पिलू भुकेले होते. त्याचे तोंड मोहरीच्या दाण्याहूनही लहान. त्यात मावेल असे आणि हलणारे अन्न हवे, कारण हलणाऱ्या गोष्टीकडेच ते झेपावते. उत्तम अन्न म्हणजे आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिले. आर्टेमिया हा कोळंबीचा दूरचा नातलग, खाऱ्या सरोवरांतला. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये तो राहतो, तसाच आपल्या राजस्थानातल्या सांभर सरोवरातही आढळलेला आहे. पाणी आटू लागले की त्याची मादी सुप्त अंडी घालते. ती कोरडी होऊन वर्षानुवर्षे टिकतात. बाटलीत भरून विकतात ती हीच.

कृती सोपी आहे. एक लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-पाच सपाट चमचे, जाडे मीठ विरघळवा. त्यात पाव चमचा अंडी टाका आणि पंपाची नळी सोडून पाणी खळखळते ठेवा. उबदार हवेत २४ ते ३६ तासांत नारिंगी रंगाचे, सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे जीव वळवळू लागतात. आता पंप बंद करून बाटलीच्या एका बाजूला तळाशी विजेरी धरा. जीव प्रकाशाकडे गोळा होतात आणि रिकामी टरफले वर तरंगतात. नळीने जीव तेवढे काढून बारीक कापडावर गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि ड्रॉपरने पिलांच्या ढगाजवळ सोडा.

पुरेसे झाले हे कसे ओळखावे? पिलाचे अंग पारदर्शक असते. खाल्ले की दहा मिनिटांत त्याचे पोट नारिंगी दिसू लागते! भिंग घेऊन पाहा. सगळी पोटे नारिंगी झाली की हात आखडा. दिवसातून तीनदा, थोडे थोडे.

आर्टेमिया मिळाली नाही तर भाताचा पेंढा उकळून गार करा, त्यात जुन्या टाकीतले पाणी मिसळा आणि चार-पाच दिवस झाकून ठेवा. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहा. पुस्तकात चित्र पाहिलेला पॅरामिशियम तेथे प्रत्यक्ष धावताना दिसेल. पहिल्या दिवसांत पिलांना त्याचा आधार होतो.

माझी पिले का मेली?

आता माझी चूक सांगतो. त्या वेळी माझ्याकडे आर्टेमिया नव्हती. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून द्यावा, असे कोणीतरी सांगितले होते. मी तसे केले. पिले खाताना दिसली, मला आनंद झाला. लहान जीव, वाढीचे वय, म्हणून मी आणखी घातला. तिसऱ्या दिवशी पाणी किंचित दुधट झाले. मी दुर्लक्ष केले. चौथ्या दिवशी सकाळी पिलांचा ढग नव्हता. वाळूवर पांढरे ठिपके पडले होते आणि मादी त्यांच्यावर परांनी पाणी ढकलत होती.

आईबापांची काही चूक नव्हती. त्यांनी रात्रंदिवस पहारा केला होता. पण त्यांचा पहारा कशाविरुद्ध असतो? मोठ्या माशाविरुद्ध, खेकड्याविरुद्ध, बुरशीविरुद्ध. कुजलेल्या पाण्याविरुद्ध त्यांना काही करता येत नाही, कारण ओढ्यात तशी वेळच सहसा येत नाही. तेथे ते काम ओढाच करतो. टाकीत ओढा नाही. त्याचे काम तुम्हालाच करावे लागते. मी आईबाप व्हायला गेलो आणि ओढा व्हायचे विसरलो.

घडले ते असे. उरलेला बलक कुजला. त्यावर जिवाणूंचे पेव फुटले. त्यांनी पाण्यातला प्राणवायू संपवला आणि बलकातल्या प्रथिनांपासून अमोनिया झाला. त्यात माझ्याकडचे पाणी बोअरचे, थोडे अल्कधर्मी. याचा संबंध समजून घेण्यासारखा आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक विद्युत्‌भारित अमोनियम आयन, जो बराच निरुपद्रवी, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून शिरून घात करतो. यांचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे ज्याला पीएच म्हणतात त्यावर ठरते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे घाण तेवढीच, विष मात्र जवळजवळ दहापट!

तेव्हा ओढ्याचे काम कसे करायचे ते ध्यानात ठेवा. रोज टाकीचा दहावा हिस्सा पाणी काढा आणि तेवढेच, क्लोरीन गेलेले आणि त्याच तापमानाचे पाणी हळूहळू घाला. पाणी काढायला बारीक नळी घ्या आणि ते पांढऱ्या तसराळ्यात सोडा. चुकून ओढले गेलेले पिलू पांढऱ्यावर चटकन दिसते, चमच्याने परत सोडता येते. तळाचे उरलेले अन्न रोज काढा. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने जिवाणू मरतील. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळा. वीज गेली की पंप थांबतो. अशा वेळी मगभर पाणी काढून थोड्या उंचीवरून, करवंटीपासून दूर, पुन्हा टाकीतच सोडत राहा. पाण्यात हवा मिसळेल.

दुसऱ्या विणीला मी एवढेच केले. साठ पिलांपैकी एक्केचाळीस मोठी झाली.

नर किती, माद्या किती?

महिन्याभरात पिलू सुमारे एक सेंटिमीटरचे होते. हळूहळू आईबाप पुन्हा विणीची तयारी करतात आणि कालपर्यंत जपलेल्या पिलांनाच हाकलू लागतात. त्या वेळी पिलांना दुसऱ्या टाकीत हलवा. त्या टाकीत निम्म्याहून अधिक पाणी जुन्या टाकीतले असू द्या.

आता एक प्रयोग. माणसात मूल मुलगा होणार की मुलगी, हे गुणसूत्रांवर ठरते, हे तुम्ही शिकला आहात. क्रिबेन्सिसमध्ये ते पाण्यावरही अवलंबून असते! १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले, की आम्लधर्मी पाण्यात वाढलेल्या पिलांत नरांचे प्रमाण वाढते. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे यात महत्त्वाचे असतात.

हे तुम्हाला पडताळून पाहता येईल. वहीत तक्ता आखा. अंडी पडल्याची तारीख, रोजचे तापमान, आठवड्यातून दोनदा सामू, पिलांची अंदाजे संख्या आणि शेवटी, सुमारे सहा महिन्यांनी ओळखू येतील तेव्हा, नर किती नि माद्या किती. यासाठी पाण्यात आम्ल मात्र घालू नका. सामू एकदम बदलला तर मासे दगावतात. प्रत्येकाच्या घरचे पाणी निराळे असतेच. वर्गातल्या चार-पाच जणांनी आपापल्या पाण्यात वीण घेतली आणि तक्ते शेजारी ठेवले, की तुलना आपोआप होईल. एकाच विणीत नर जास्त निघाले म्हणून निष्कर्ष काढू नका. नाणे दहादा उडवले तर सातदा छापा पडू शकतो, नाही का? शिक्षकांनी येथे संभाव्यतेचा धडा जोडून घ्यावा.

राहता राहिली एक गोष्ट. एका जोडीपासून वर्षभरात शेकडो मासे होतील. ते मित्रांना द्या, शाळेच्या टाकीत ठेवा, दुकानदाराला विचारा. पण ओढ्यात, विहिरीत किंवा तळ्यात एकही सोडू नका. सुरुवातीला पाहिलेला चिलापी आठवतो ना? जो मासा आपल्या पिलांची इतकी चोख राखण करतो, तो परक्या पाण्यात शिरला की तेथल्या माशांना जागा उरत नाही. त्याचा जो गुण आपल्याला काचेतून पाहताना इतका आवडतो, तोच बाहेर धोक्याचा ठरतो. जागा नसेल तर करवंटी काही महिने टाकीतून काढून ठेवा. गुहा नसली की जोडी सहसा अंडी घालत नाही.

तर मग, या रविवारी एक करवंटी खरवडून ठेवा आणि टाकीत पाणी भरा. मासे महिन्याने आणायचे आहेत, हे मात्र विसरू नका.